नैसर्गिक बाळंतपण आणि नैसर्गिक कुटुंबनियोजन: गावात काम सुरू करणाऱ्यांसाठी

या कामातला पहिला गैरसमज बहुतेक वेळा कार्यकर्त्याच्याच डोक्यात असतो. नैसर्गिक बाळंतपण म्हणजे घरी, सुईणीच्या हातून, दवाखाना टाळून झालेलं बाळंतपण, असं धरून चालणाऱ्याने गावात पाऊलच टाकू नये. बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं आणि रक्ताची, ऑपरेशनची सोय जवळ असायला हवी. आपला आग्रह एवढाच की कारण नसताना कळांचं इंजेक्शन नको, टाके नकोत, सिझर नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसलं. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं, खासगीत ४७.४ टक्के. अवघड बाळंतपणाच्या बायका खासगीत जास्त जातात असं मानलं, तरी एवढी दरी त्याने भरून निघत नाही. उलट बाजूला, मेळघाट किंवा गडचिरोलीच्या आतल्या पाड्यांवर खरी अडचण सिझर वेळेवर न मिळण्याची असते. आपल्या गावाची अडचण यातली कोणती, हे आधी पाहा.

सुरुवात कुठून

आशाताईंना वगळून हे काम उभं राहत नाही. गरोदर बायकांची यादी त्यांच्याकडे असते, कोणत्या घरात कोण ऐकतं हेही त्यांनाच ठाऊक असतं. आशाताई, उपकेंद्राच्या नर्सबाई आणि अंगणवाडीताई या तिघींशी आधी बोला. सभा घेण्यासाठी नवी जागा शोधत बसू नका. दर महिन्याला ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतोच, त्या दिवशी तपासणीला आलेल्या बायकांना तासभर थांबवून घेणं सगळ्यात सोपं.

मग जवळच्या दवाखान्यात जाऊन काही गोष्टी विचारून लिहून घ्या. प्रसूतिगृहात सोबतीण (कळांच्या वेळी बाईजवळ थांबणारी नात्यातली बाई) चालते का? सिझर इथे होतं की पुढे पाठवतात? भूल देणारे डॉक्टर रात्री असतात का? रक्त कुठून येतं? गावापासून तिथपर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, मिनिटांत लिहा, आणि तेही रात्रीचं व पावसाळ्यातलं. १०८ आणि १०२ ला फोन केल्यावर गाडी आपल्या गावात प्रत्यक्षात किती वेळात येते, हे आशाताई सांगतील. ती कमी पडत असेल तर गावातल्या दोन खासगी गाड्यांचे मालक आधीच ठरवून ठेवा. एकच ठरवला तर तो नेमका बाहेरगावी असतो. ओढ्यापलीकडच्या वस्त्यांसाठी, आदिवासी भागात जिथे प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर (गरोदर बायकांच्या मुक्कामाची सोय) आहे तिथे, तारखेच्या काही दिवस आधीच बाईला मुक्कामाला पाठवणं हाच शहाणपणा.

आपल्याकडची एक खास अडचण माहेरपणाची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात बाईचं गाव बदलतं, दवाखाना बदलतो, आणि आपण पाच महिने केलेली तयारी मागे राहते. म्हणून पहिलटकरणीचा वर्ग पाचव्या महिन्यातच सुरू करा आणि तिच्या आईला निदान एकदा तरी फोनवर घ्या. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि रक्तगटाचा रिपोर्ट एका पिशवीत घालून तिच्याबरोबर गेले पाहिजेत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतही हेच. गावातून टोळी निघण्याआधी कार्ड पूर्ण भरून घ्या आणि कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र कोणतं, हे कार्डावरच लिहून द्या.

चार बैठका

एका गटात सहा ते दहा बायका पुरेत. जास्त झाल्या की प्रश्न विचारले जात नाहीत. चार बैठका घ्या आणि त्यातल्या दोन बैठकांना नवरा, सासू किंवा आई हवीच. निर्णयाच्या वेळी दारात तीच माणसं उभी असतात.

पहिल्या बैठकीत कार्ड वाचायला शिकवायचं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, ७ च्या खाली असेल तर ती बाई मोठ्या रुग्णालयातच बाळंत व्हायला हवी. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. चहाबरोबर ती घेतली तर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. गोळीने शौच काळी होते हे आधी सांगितलं नाही तर अर्ध्या बायका आठवड्यात गोळ्या बंद करतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती तारीख सगळ्यांना पाठ हवी.

याच बैठकीत कोणाच्या बाबतीत 'नॉर्मलच हवं' हा हट्ट धरायचा नाही, हे स्पष्ट सांगा. वार खाली आहे, बाळ आडवं आहे, रक्तदाब खूप वाढला आहे, आधी सिझर झालं आहे. आधीच्या सिझरनंतरही नॉर्मल होऊ शकतं, पण जिथे ऑपरेशन थिएटर आणि रक्त तयार आहे अशाच ठिकाणी, आणि तिथल्या डॉक्टरांनी तपासून होकार दिला तरच.

दुसरी बैठक कळांची. खोट्या कळा चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा वाढत जातात, जवळजवळ येतात आणि कंबरेतून पुढे येतात. दोन कळांमधलं अंतर एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं. बहुतेक जणी पहिली संपल्यापासून मोजतात आणि अंतर चुकतं. पहिलटकरणीला पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायची वेळ झाली, पण हे दवाखाना अर्ध्या तासाच्या आत असेल तर. दवाखाना लांब असेल, किंवा दुसरं-तिसरं बाळंतपण असेल, तर दहा मिनिटांच्या अंतरावरच निघा.

फार लवकर जाण्याचाही तोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर बाळंतपणाचा खरा वेग सुरू होतो. तिथून पुढे पहिलटकरणीला सहसा १२ तासांपर्यंत आणि नंतरच्या बाळंतपणात १० तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याआधीचा काळ किती चालेल याला ठराविक माप नाही. २ सेंटिमीटरवर दाखल झालेल्या बाईला सगळे घड्याळ लावून बघत बसतात, ती थकते, नातेवाईक घाबरतात, आणि 'प्रगती नाही' म्हणून इंजेक्शन किंवा सिझर होतं. तासाला एक सेंटिमीटर हा जुना नियम प्रत्येक बाईला लावायचा नाही, असंही याच शिफारशी सांगतात. बाईची आणि बाळाची तब्येत ठीक असेल, बाळाचे ठोके बरोबर असतील, तर थांबता येतं. हे वाक्य नवऱ्याला आणि सासूला पाठ करून द्या. डॉक्टरांशी भांडायला नव्हे, तर 'बाळाचे ठोके कसे आहेत, अजून थांबता येईल का?' एवढं विचारता यावं म्हणून.

कळांची वाट न बघता ताबडतोब निघायचं ते या कारणांसाठी: पाणमोट फुटली, मग कळा असोत वा नसोत, आणि पाणी हिरवट असेल तर एक मिनिटही नाही, अंगावर रक्त जाणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी. हा कागद मोठ्या अक्षरांत छापून घराघरात भिंतीवर लावा.

सोबतीण

तिसरी बैठक फक्त हिची. सगळ्या कामात इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबत ठेवायला परवानगी दिली. अटी साध्या आहेत: नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, संसर्गाचा आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांतली, आणि दवाखान्याच्या कामात हात न घालणारी. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. बऱ्याच ठिकाणी स्टाफला हे माहीत नसतं किंवा जागा नसते, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी दारात वाद घालून काही मिळत नाही.

सराव जमिनीवर गोधडी टाकून करा. कळ आली असं समजून बाई भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला धरून पुढे झुकते. सोबतिणीने तिच्या कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा आणि सरळ आत दाब द्यायचा. कळ ओसरेपर्यंत दाब तसाच धरायचा. चोळायचं नाही. जोरात चोळल्याने कातडी सोलवटते आणि बाई वैतागते. दाब नेमका किती हवा हे तीच सांगेल. बाळाचं डोकं खाली सरकतं तशी दाबाची जागाही बोटभर खाली येते. कळेच्या मध्ये दोन घोट पाणी, ताक किंवा पेज द्यायची. डॉक्टरांनी पोट रिकामं ठेवायला सांगितलं असेल तर अर्थातच नाही. दर दोन तासांनी लघवीला न्यायचं, कारण भरलेली लघवीची पिशवी डोक्याला वाट देत नाही.

उताणं झोपून राहणं सगळ्यात वाईट. गर्भपिशवीचा भार मागच्या मोठ्या शिरेवर येतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. चालणं, कुशीवर झोपणं, हात-गुडघ्यांवर येणं, उकिडवं बसणं हे सगळं आळीपाळीने चालतं. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत जोर लावायचा नाही, नाहीतर ते सुजतं. पूर्ण उघडल्यावर आतून जोर येतो तेव्हाच लावायचा. सगळ्यांनी मिळून 'श्वास रोख, जोर लाव' असं ओरडण्याची काहीच गरज नाही.

या टप्प्यावर नेमकं काय बिघडतं, तेही सोबतिणीला माहीत हवं. गावातल्या डॉक्टरकडून घरीच कळांचं इंजेक्शन घेणं हा सगळ्यात घातक प्रकार. त्याने गर्भपिशवी फाटू शकते आणि बाळाचा श्वास कोंडतो. एरंडेल पाजूनही कळा आणायच्या नाहीत. बाळ बाहेर येताना वरून पोट दाबणं घरातही नको, दवाखान्यातही नको. जांघेचे केस काढणं, एनिमा, प्रत्येकीला सरसकट चिरा देणं या गोष्टींचा फायदा नाही, हेही आता मान्य झालं आहे.

मात्र बाळ बाहेर आल्यावर आईला देतात ते ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन नाकारायचं नाही. नैसर्गिक म्हणून ते टाळणारी माणसं भेटतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव अर्ध्या-एक तासात बाईचा जीव घेऊ शकतो, आणि हे इंजेक्शन तो रोखतं.

चौथ्या बैठकीत प्रत्येकीने एक कागद भरायचा: कुठला दवाखाना, कोणती गाडी, सोबतीण कोण, तिला जमलं नाही तर दुसरी कोण, रक्त देणारे दोघे कोण, घरातली इतर मुलं कोण सांभाळणार. खाली डॉक्टरांसाठी चार ओळी: सोबतीण आत हवी, हिंडू-फिरू द्यावं, नाळ १ ते ३ मिनिटांनी कापावी, बाळ लगेच आईच्या उघड्या छातीवर द्यावं. चारच. दोन पानांची मागणीपत्रं कोणी वाचत नाही.

बाळंतपणापासून पाळणा लांबवण्यापर्यंत

बाळ पहिला तासभर आईच्या अंगाला अंग लावून राहिलं आणि त्याच तासात छातीला लागलं, की चीक मिळतो आणि गर्भपिशवी आवळते. शिवाय पुढच्या सहा महिन्यांच्या कुटुंबनियोजनाचा पायाही इथेच घातला जातो. अंगावर पाजण्याने दिवस न राहण्याची पद्धत ९८ टक्क्यांहून अधिक खात्रीची आहे, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या तर. पाळी परत आलेली नाही. बाळ फक्त अंगावर पितं, दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे. यातली एक जरी अट मोडली तर त्या दिवसापासून दुसरी पद्धत हवी. गुटी, मध, पाणी, पावडरचं दूध सुरू झालं की दुसरी अट सैल होत जाते, आणि आजीला हे कोणी सांगितलेलं नसतं. घराघरात उष्टावणाची तारीख ठरते. ती ठरायच्या आधी नवरा-बायकोने पुढची पद्धत ठरवलेली असावी, असा नियमच घालून द्या.

माळेची पद्धत

गावात सगळ्यात लवकर समजते ती ही. जॉर्जटाउन विद्यापीठात बसवलेली ही पद्धत आपल्याकडे मालाचक्र नावाने आली. माळ घरीही ओवता येते. एक लाल मणी, सहा तपकिरी, बारा पांढरे, मग तेरा तपकिरी, एकूण ३२. त्यात २७ वा मणी गडद. वर सरकणारं रबरी कडं. पाळीच्या पहिल्या दिवशी कडं लाल मण्यावर, मग रोज सकाळी एक मणी पुढे. पांढरे मणी म्हणजे ८ ते १९ हे दिवस, या काळात दिवस राहू शकतात. बीज एक दिवसच टिकतं, पण पुरुषाचे शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जगतात आणि बीज सुटण्याचा दिवस मागेपुढे होतो, म्हणून सावधगिरीचे दिवस बारा ठेवले आहेत.

ज्या बाईची पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आत येते तिलाच ही चालते. गडद मण्याच्या आधी पाळी आली किंवा शेवटच्या मण्यानंतरही आली नाही, असं वर्षात दोनदा झालं तर पद्धत सोडायची. बाळंतपणानंतर निदान तीन चक्रं पूर्ण होऊन पाळी पुन्हा या मापात आल्याशिवाय माळ हातात द्यायची नाही. कडं सरकवायचं राहिलं तर मोजता यावं म्हणून पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवायचा. १९५०च्या दशकात भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगर इथे दिवस मोजण्याच्या पद्धतीचा प्रयोग केला होता आणि तेव्हाही रंगीत मण्यांच्या माळा वापरल्या होत्या. तो फार पुढे गेला नाही. बाईच्या हातात माळ देऊन पांढऱ्या दिवसांबद्दल नवऱ्याशी कोणी बोलतच नसेल, तर आजही तेच होईल.

पांढऱ्या स्रावाची पद्धत

ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याने ही रूढ केली. पाळी अनियमित असली तरी चालते, पण शिकायला तीन चक्रं लागतात. आपल्याकडे पहिला अडथळा असा की अंगावरून पांढरं जाणं म्हणजे आजारच, अशी समजूत. आधी फरक समजावा: वास येतो, खाज सुटते, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं जातं, तर तो संसर्ग, आधी उपचार. महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, बोटात ताणलं जाणारं, निसरडं जातं ते निरोगीपणाचं लक्षण.

लघवीला जाताना बाहेरूनच पाहायचं, दिवसभर, आणि रात्री वहीत एक खूण करायची: रक्त, कोरडं, चिकट, निसरडं. निसरडेपणाचा शेवटचा दिवस हा शिखराचा दिवस. तो दुसऱ्या दिवशी ओसरल्यावरच कळतो. त्यानंतर तीन दिवस थांबायचं, चौथ्या दिवसापासून पाळीपर्यंत संबंधांना मोकळीक. शिखराआधी फक्त कोरड्या दिवसांच्या रात्री, त्याही एक सोडून एक, कारण वीर्याच्या ओलीत स्राव ओळखू येत नाही. पाळीच्या दिवसांतही नाही, कारण रक्तात स्राव झाकला जातो.

याला तापमानाची जोड दिली तर खात्री बरीच वाढते. निदान तीन तास झोप झाल्यावर, रोज एकाच वेळी, अंथरुणातून उठण्याआधी, चहाआधी, दोन दशांश दाखवणाऱ्या थर्मामीटरने मोजायचं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सुमारे ०.२ अंश सेल्सिअस किंवा अधिक वर असलेले सलग तीन दिवस मिळाले की बीज सुटून गेलं. ताप, रात्रपाळी, जागरण असेल तो आकडा धरायचा नाही.

आकडे लपवू नका

शंभर जोडप्यांनी वर्षभर पद्धत वापरली आणि नेहमीच्या चुका केल्या, तर माळेच्या पद्धतीत सुमारे १२ बायकांना दिवस जातात, नुसत्या स्रावाच्या पद्धतीत सुमारे २३ जणींना, स्राव-तापमान जोडीत सुमारे २ जणींना. काटेकोर पाळली तर माळेत ५, स्रावात ३. तांबीत एकीपेक्षा कमी. हे आकडे वर्गात फळ्यावर लिहा.

ज्यांना आणखी मूल जिवावर बेतेल, ज्यांच्या घरात नवरा दारू पिऊन जबरदस्ती करतो, जिथे एचआयव्ही किंवा गुप्तरोगाची शक्यता आहे, त्यांना या पद्धती शिकवूच नका. निरोध, तांबी, दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, तिकडे स्वतः घेऊन जा. वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक जोडप्यांना लग्नाआधीच्या वर्गात या पद्धतींची ओळख होते, आणि ती पांढऱ्या दिवसांत दूर राहणं पसंत करतील. इतर जोडपी त्या दिवसांत निरोध वापरतील. निवड त्यांची.

शिकवणी नेहमी जोडप्याला, घरी, दोघांना एकत्र बसवून द्या. पहिल्या तीन चक्रांत दर महिन्याला वही तपासा. वहीत नाव लिहू नका, नंबर घाला, आणि ती आपल्याकडे ठेवू नका, बाईकडेच राहू द्या. पाळी चुकली असं कोणी सांगितलं तर त्याच आठवड्यात लघवीची तपासणी करून घ्या. त्याचं किट आशाताईंच्या पेटीतच असतं. दिवस राहिले असतील आणि ते नको असतील, तर कायद्याने गर्भपाताची सोय सरकारी दवाखान्यात आहे, आणि जितकं लवकर जावं तितकं ते सोपं, हे तिला त्याच दिवशी सांगा. ठेवायचं असेल तर तिचं नाव पुढच्या गटात, पाचव्या महिन्याच्या बैठकीला.